मी विमानानेच आले

(आपल्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



या शाळेत माईकसमोर मी शेवटची उभी राहिले ती निरोप समारंभाला. भाषण पाठ केलं होतं आणि तिसऱ्याच वाक्याला रडू फुटलं होतं. आज कागद आणलाय, त्यामुळे तेवढी भीती नाही.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशातले अनुभव’. मी फोनवर म्हटलं, मला विमानतळाबद्दल बोलायचंय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आपला मित्र म्हणाला, “बोल, पण जेवणाआधी भांडणं लावू नकोस. पंगत एकत्रच बसवायचीय.” मी प्रयत्न करते.

विषय नाजूक का आहे, हे इथे कुणाला सांगायला नको. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ मध्ये झाली. पारगाव, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, मुंजवडी, एखतपूर आणि खानवडी ही सात गावं त्या नकाशात आली. आपल्या वर्गातली निदान दहा-बारा मुलंमुली या गावांतून एसटीने शाळेत यायची. त्यातल्या काहींच्या सातबाऱ्यावर आज टांगती तलवार आहे. काहींनी संमतिपत्र दिलंय, काही अजून नाही म्हणतायत. आणि काहींचा प्लॉटिंगचा व्यवसाय आहे, त्यांना विमानतळ हवाय. सगळे याच मांडवात बसलेत.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक बातमी टाकली. लंडनला हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीविरुद्ध लोक पुन्हा एकत्र येतायत, अशी. त्यावर आपल्यातल्याच एकाने लिहिलं, “तू लंडनहून विमानाने येणार आणि आम्ही काय बैलगाडीत बसायचं?” खाली पंचवीस हसरे चेहरे आले. मी उत्तर दिलं नाही. राग आला होता म्हणून नाही, त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून. तेव्हापासून उत्तर जुळवतेय. आजचं भाषण म्हणजे ते उत्तर आहे.

आधी हिशेब मांडते. गणिताच्या सरांसमोर उभं राहून हिशेब चुकवायची माझी हिंमत नाही. मुंबई ते लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचं १ किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनापेक्षा धूर जास्त कसा, तर हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो. साध्या वर्गातून येऊन-जाऊन माझ्या एका खुर्चीच्या वाट्याला साधारण १ टन येतो. भारतात माणशी वर्षभराची सरासरी सुमारे २ टन आहे. स्वयंपाक, दिवे, मोटारसायकल, कारखाने, सगळं धरून. म्हणजे या मेळाव्याला येऊन जाण्यात मी इथल्या एका माणसाचं सहा महिन्यांचं कार्बन खर्च केलं. मी विमानानेच आले, मंगळवारी विमानानेच परत जाणार आहे. हे आधी कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

मी २००८ पासून लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो भागात राहते. हीथ्रोला उतरणारी विमानं आमच्या छपरांवरून जातात. आमच्या रस्त्यावर निम्मे पंजाबी, काही गुजराती, काही गोव्याकडचे आणि आमच्यासारखी मराठी घरं दोन. हीथ्रो हे नाव मुळात एका वाडीचं, हे मला तिथे दोन वर्षं राहिल्यावर कळलं. १९४४ मध्ये युद्धाच्या नावाखाली ती वाडी आणि आसपासची भाजीपाल्याची शेतं घेतली, घरं पाडली. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तिथे नागरी विमानतळ सुरू झाला. नाव तेवढं मागे राहिलं.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो ऐकताना तुम्हाला आपला तालुका आठवेल. विमानतळाचं पाचवं टर्मिनल हवं होतं तेव्हा १९९५ ते १९९९ अशी चार वर्षं जाहीर चौकशी चालली. त्या काळात विमानतळ कंपनीने आसपासच्या रहिवाशांना कळवलं होतं की हे टर्मिनल झालं तर तिसऱ्या धावपट्टीची गरज नाही. टर्मिनलला परवानगी मिळाली, त्यासोबत वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आली. आणि २००३ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात तिसरी धावपट्टी होती.

ती धावपट्टी सिपसन नावाच्या गावावरून जाणार होती. सुमारे ७०० घरं. २००७ च्या ऑगस्टमध्ये हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुण मुलांनी त्याच परिसरात आठवडाभर तंबू ठोकले. तोवर आवाजाविरुद्ध लढणारे रहिवासी वेगळे आणि पृथ्वी तापतेय म्हणणारे वेगळे होते. एकांना रात्रीची झोप हवी होती, दुसऱ्यांना कार्बन कमी करायचा होता. जॉन स्ट्युअर्ट नावाचे एक कार्यकर्ते होते, हॅकन या रहिवाशांच्या संघटनेचे अध्यक्ष. ही दोन माणसं एका टेबलाशी बसवणं हे त्यांचं मोठं काम. त्या टेबलाशी मग नगरपालिका आल्या, पक्षीप्रेमी आले, ग्रीनपीस आली, कडव्या उजव्या विचारांचे नगरसेवकही आले. २००९ च्या जानेवारीत सरकारने धावपट्टीला मान्यता दिली, तेव्हा ग्रीनपीसने सिपसनमध्ये एक जमिनीचा तुकडा विकत घेतला. अभिनेत्री एमा थॉम्पसन त्याच्या मालकांपैकी एक होती. मग हजारो लोकांची नावं त्या तुकड्याशी जोडली. बाई, तुम्ही आम्हाला वाटेहिश्शाची गणितं घालायच्यात ना, तसंच. एका एकराला इतके हिस्सेदार केले की संपादन करणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा.

२०१० च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेने २००८ मध्ये हवामानबदलाचा कायदा केलाय, तेव्हा धावपट्टीचं धोरण त्या कायद्याच्या प्रकाशात पुन्हा तपासा. मे महिन्यात सरकार बदललं आणि नव्या सरकारने धावपट्टी रद्द केली. सिपसनमध्ये लोकांनी आनंद साजरा केला.

मी तेव्हा या सगळ्यात नव्हते. उलट बाजूला होते म्हणा ना. मी ज्या कंपनीत काम करत होते तिथे आम्ही विमान कंपन्यांसाठी तिकिटांचे दर ठरवणारं सॉफ्टवेअर लिहायचो. ते कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझी गाडी कुठे अडली ते कळेल. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. नासक्या टोमॅटोसारखी. म्हणून एकाच रांगेतल्या तीन खुर्च्यांचे तीन दर असतात. ज्याला जायलाच हवं, त्याच्याकडून जास्त घ्यायचे. उरलेल्या खुर्च्यांचा दर इतका उतरवायचा की ज्याच्या मनात जायचं नव्हतं, तोही निघेल. आमच्या प्रोग्रॅमचं यश यातच मोजलं जायचं, किती न निघणारी माणसं निघाली.

आणि मग मी ती २००३ ची श्वेतपत्रिका वाचली. तिच्यात लिहिलं होतं की ब्रिटनच्या विमानतळांवरून तेव्हा वर्षाला साधारण २० कोटी प्रवासी जातात, २०३० पर्यंत ते ४० ते ६० कोटी होतील, म्हणून धावपट्ट्या बांधायला हव्यात. मी हसले. तो आकडा आभाळातून पडलेला नव्हता. तो आमच्यासारख्या लोकांनी दर उतरवून वाढवलेला होता. आधी स्वस्त तिकीट काढून माणूस घराबाहेर काढायचा, मग तो बाहेर आलाय म्हणून धावपट्टी मागायची. धावपट्टी झाली की खुर्च्या आणखी वाढतात, त्या भरायला दर आणखी उतरतात. २०१९ मध्ये, कोविडच्या आधी, प्रत्यक्ष आकडा जवळपास ३० कोटी होता. अंदाजाच्या जोरावर गावं पुसायची तयारी झाली होती.

ती नोकरी मी पुढे सोडली. याच कारणासाठी सोडली असं म्हटलं तर टाळ्या मिळतील, पण ते खोटं होईल. दुसरीकडे पगार बरा मिळाला. पण डोक्यात किडा राहिला.

गणिताच्या सरांनी आम्हाला चक्रवाढ व्याज शिकवताना ७२ चा नियम सांगितला होता. कोविडच्या आधीची कित्येक दशकं जगातला विमानप्रवास वर्षाला साधारण ५ टक्क्यांनी वाढत होता. ७२ भागिले ५, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट. इंजिनं सुधारली, हे खरं. पण ती सुधारणा साधारण वर्षाला २ टक्क्यांची. पाचातून दोन वजा केले तरी तीन उरतात, म्हणजे चोवीस वर्षांत धूर दुप्पट. मग म्हणतात, विजेवर चालणारी विमानं येतील. मी अभियंता आहे, मला यायला हवीच आहेत. पण १ किलो विमान इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते आणि १ किलो बॅटरीत पाव युनिटाच्या आसपास. छोट्या अंतरावर जमेल, मुंबई-लंडन आपल्या हयातीत बॅटरीवर जमेल असं मला दिसत नाही. वनस्पती तेलापासून, कचऱ्यापासून केलेलं इंधन आहे. २०२४ मध्ये ते जगाच्या विमान इंधनात हजारात तीन भाग होतं. वाढवायला हवंच, पण वाढत्या विमानांच्या मागे ते धावतंय आणि विमानं जास्त वेगाने पळतायत. म्हणून या चळवळीचं म्हणणं साधं आहे. आहे तेवढी विमानं उडू देत, वाढ थांबवा.

आता हे सगळं कोण उडतंय? २०१८ मध्ये जगातली फक्त ११ टक्के माणसं विमानात बसली, असा एक अभ्यास आहे. आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला जगातली १ टक्का माणसं जबाबदार आहेत. ब्रिटनमध्ये सरकारी पाहणीत दिसलं की ७० टक्के विमानप्रवास १५ टक्के माणसं करतात. सारखी सारखी तीच. मी त्यात होते. एका वर्षी मी फ्रँकफर्टला नऊ वेळा गेले, बहुतेकदा दीड तासाच्या मीटिंगला. तिकिटाचे पैसे कंपनीचे, मला मोजायची गरजच पडली नव्हती.

आणि आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनाला जवळजवळ कर नाही, हे ठाऊक आहे का? आपण स्कूटरमध्ये पेट्रोल भरतो त्यावर कर आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या इंधनावर जवळजवळ कुठेच नाही. १९४४ मध्ये शिकागोला करार झाला, तेव्हापासूनची ही सवलत. १९९७ च्या क्योटो करारातही आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर देशांच्या हिशेबाबाहेर ठेवला. म्हणून चळवळीतल्या लोकांनी एक मागणी पुढे आणली. वर्षातल्या पहिल्या परतीच्या प्रवासावर कर नको. दुसऱ्यावर थोडा, तिसऱ्यावर जास्त, पुढे चढता. २०२० मध्ये ब्रिटनच्या संसदीय समित्यांनी चिठ्ठ्या टाकून १०८ सामान्य नागरिकांची सभा भरवली. त्यात ड्रायव्हर होते, निवृत्त माणसं होती, शिकणारी मुलं होती. जास्त वेळा आणि जास्त लांब उडणाऱ्यांवर चढता कर लावावा, याला त्यातल्या ८० टक्क्यांनी हो म्हटलं.

मित्रा, तुझ्या बैलगाडीचं उत्तर इथे आहे. तू आयुष्यात पहिल्यांदा मुलाला घेऊन विमानात बसणार असशील, तर या चळवळीला तुझ्याकडून काहीच नको. तिला नऊ वेळा फ्रँकफर्टला जाणारी मी हवी आहे.

मी चळवळीत गेले ते २०१६ नंतर. रद्द झालेली धावपट्टी तोवर परत आली होती. २०१५ मध्ये एका आयोगाने पुन्हा हीथ्रोच सुचवलं. या वेळी रेघ जरा सरकली होती. सिपसन कुंपणाला लागून वाचणार होतं आणि त्याऐवजी लाँगफर्ड आणि हार्मंड्सवर्थचा मोठा भाग जाणार होता. साडेसातशेच्या वर घरं. हार्मंड्सवर्थला १४२६ साली ओकच्या लाकडात बांधलेलं धान्याचं कोठार आहे. मी पहिल्यांदा त्यात शिरले तेव्हा देवळात शिरल्यासारखं वाटलं. ते उभं राहणार होतं, पण ज्या गावाचं धान्य त्यात यायचं ते गाव जाणार होतं.

मी तिथे मोठं काही केलं नाही. रविवारी आमच्या भागात पत्रकं वाटली, सभांना चहा केला, अहवालातले तक्ते सोपे करून दिले. पत्रकं वाटताना दार उघडायचं ते बहुतेक विमानतळावरच काम करणारं कुणीतरी. कुणी सामान चढवणारा, कुणी विमान झाडणारी, कुणी विमानातलं जेवण भरणारी. एक वयस्कर पंजाबी काकू मला म्हणाल्या, “बेटा, आमची रोटी तिथूनच येते.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, असलेल्या दोन धावपट्ट्या बंद करा असं कुणीच म्हणत नाहीय. त्यांनी पत्रक घेतलं, दार लावलं. सही केली नाही.

२५ जून २०१८ ला संसदेत ४१५ विरुद्ध ११९ मतांनी तिसरी धावपट्टी मंजूर झाली. मग २७ फेब्रुवारी २०२० ला अपील न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं, कारण सरकारने पॅरिस कराराचा विचारच केला नव्हता. आम्ही नाचलो. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “छान झालं. आता इकडे कधी येतेस?” मी म्हटलं, मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये आकाश बंद झालं. २३ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबवली. आमच्या घरावरचं आकाश इतकं शांत झालं की शेजारच्या मेपलवरचे पक्षी पहिल्यांदा नीट ऐकू आले. चळवळीतल्या मैत्रिणी निळ्या आकाशाचे फोटो पाठवत होत्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना झटका आला. तीन दिवसांनी ते गेले. भाऊ एकटा होता, स्मशानात पाच माणसं. मी हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होते. बाहेर एकही विमान नव्हतं. जी शांतता मी पत्रकांवर मागत होते ती मिळाली होती, आणि मला त्या क्षणी फक्त एक विमान हवं होतं.

हे मी आजवर सभेत बोलले नव्हते. आज सांगतेय कारण माझे बाबा इथल्या बऱ्याच जणांना ओळखायचे, आणि कारण माझं मत तिथे पक्कं झालं. बदललं नाही, पक्कं झालं. आईबापाला शेवटचं बघायला जाणं आणि दीड तासाच्या मीटिंगला जाणं यांच्यात आकाशाला फरक करता येत नाही. धूर तोच. फरक माणसांनाच करावा लागतो. आकाशात जागा मोजकी आहे, हे एकदा मान्य केलं की ती कशासाठी वापरायची हे आपण बसून ठरवू शकतो. ती अमर्याद आहे असं धरून चाललो, तर जो जास्त पैसे टाकतो त्याचंच विमान उडतं. मी तेव्हापासून कंपनीच्या मीटिंगसाठी विमानात बसले नाही. दोनदा वरिष्ठांची नाराजी घेतली, एकदा बढती लांबली. भारतात दर दोन वर्षांनी एकदा येते, महिनाभर राहते. आईला ते वर्षाला दोन धावत्या फेऱ्यांपेक्षा बरं वाटतं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निकाल फिरवला. २०२० मध्ये हीथ्रोवरून २.२१ कोटी प्रवासी गेले होते, २०२४ मध्ये ८.३९ कोटी, तेव्हापर्यंतचा उच्चांक. आणि २९ जानेवारी २०२५ ला ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी तिसऱ्या धावपट्टीला सरकारचा पाठिंबा जाहीर केला. २००३ पासून बावीस वर्षं. धावपट्टी एक फूटही बांधली गेलेली नाही, आणि गावंही सुटलेली नाहीत.

ती गावं बघताना मला इकडची आठवण येते. सिपसनमध्ये विमानतळ कंपनीने खूप घरं विकत घेऊन भाड्याने दिली. भाडेकरू येतात, वर्षभरात जातात. जुने लोक म्हणतात, गाव पाडायच्या आधीच रिकामं झालं. छत गळतं, पण दुरुस्त करावं की नाही कळत नाही. पुढच्या पाच वर्षांचा बेत करता येत नाही. माझी मावशी आपल्या सातपैकी एका गावात आहे. अंजिराची बाग आहे. काल मी तिच्याकडे होते. खट्टा बहार कसा आला विचारलं, तर म्हणाली, “नवीन झाडं लावायची होती गं, पण लावू का नको?” अंजिराच्या झाडाला नीट धरायला दोन-तीन वर्षं लागतात. तिला तीन वर्षांचा भरवसा कुणी देत नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी विमानतळाची घोषणा झाली.

फ्रान्समध्ये नाँत शहराजवळ असंच झालं. १९६० च्या दशकात आखलेला विमानतळ, शेतकऱ्यांचा विरोध, मग बाहेरून आलेल्या तरुणांनी शेतात राहून दिलेला लढा. २०१६ मध्ये तिथे मतदान घेतलं, तर ५५ टक्के लोकांनी विमानतळ हवा म्हटलं. तरी १७ जानेवारी २०१८ ला सरकारने प्रकल्प रद्द केला आणि आहे तोच विमानतळ सुधारायचं ठरवलं. म्हणजे नाही म्हणणारे जिंकू शकतात. पण हेही सांगते की त्या ५५ टक्क्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

कारण तेही इथे बसलेत. काल रात्री आपल्या एका मित्राने मला सुनावलं. “तुला नोकरी होती म्हणून तू लंडनला गेलीस. माझ्या पोराला इथे काय आहे? पाच एकर, पाणी नाही, उपसा योजनेची वाट.” त्याला विमानतळ हवाय आणि त्याची गरज खरी आहे. मी त्याला धुराचे आकडे सांगितले नाहीत. ज्याच्या पोराला काम नाही, त्याला आकाश वाचव म्हणणं सोपं असतं, मी लंडनला पगार घेऊन. पण मी त्याला एक विचारलं. हाउन्सलोत विमान झाडणाऱ्या बायका आहेत, तिथल्या शेतांचे मूळ मालक कुठे आहेत? नवी मुंबईत दहा गावं हलली, डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. तिथल्या आपल्या ओळखीच्या घरांत जाऊन विचारू या का, कुणाच्या पोराला कुठली नोकरी लागली? तो म्हणाला, “जाऊ.” आम्ही रविवारी जातोय. तो गाडी चालवणार आहे. जे दिसेल ते दोघंही ग्रुपवर लिहू, त्याचं त्याने, माझं मी.

देशात २०१४ मध्ये ७४ विमानतळ चालू होते, आता दीडशेच्या वर आहेत. २०२३ मध्ये आपल्या दोन कंपन्यांनी मिळून जवळपास हजार विमानांची मागणी नोंदवली. ही वाढ आता लंडनची नाही, आपली आहे. म्हणून हा प्रश्नही आता आपला आहे. आपल्या कायद्यात विमानतळाआधी पर्यावरणाचा अभ्यास आणि जनसुनावणी लागते, अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. हीथ्रोच्या लोकांनी पंचवीस वर्षांत एकच गोष्ट शिकवली, की तोंडी आश्वासन कुणाचंही घेऊ नका आणि अहवाल शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचा. प्रवाशांचा अंदाज कुठून आला, पुण्याचा आहे तो विमानतळ आणि रेल्वे धरून तो मांडलाय का, पाणी कुठून येणार, हे तीन प्रश्न मी तुमच्यासाठी लिहून आणलेत.

असा कुठलाही अहवाल आला की मला पाठवा. माझ्याकडे रविवार आहे, तक्ते वाचायची सवय आहे आणि आकडे कसे फुगवतात हे मी पगार घेऊन शिकलेय. मी सगळं वाचून सोप्या मराठीत लिहून देईन. विमानतळ हवा म्हणणाऱ्यालाही आणि नको म्हणणाऱ्यालाही, एकच प्रत. काय करायचं ते ज्याच्या त्याच्या ग्रामसभेने ठरवावं. मी परत जाणारी माणूस आहे, ठरवायचा हक्क माझा नाही.

भूगोलाच्या बाई, तुम्ही नकाशात गाव दाखवायला सांगायच्या आणि बोट ठेवलं की विचारायच्या, “या गावाला पाणी कुठून येतं?” आम्ही कंटाळायचो. आज जगातला कुठलाही नकाशा समोर आला की मला आधी तोच प्रश्न सुचतो. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

आता खरंच थांबते. आपला मित्र घड्याळ दाखवतोय, आणि पंगत एकत्रच बसायचीय.